मध्येच तोडण्याची सोय

“पाना उलटा धरलाय त्याने,” टॅब्लेट म्हणाला, तेव्हा नळ दुरुस्त करणारा माणूस जिना उतरून रस्त्याला लागलाही होता.

तिने फडका बादलीत पिळला आणि मागे वळून पाहिलं. मास्तर स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीत बसले होते, टॅब्लेट मांडीवर, तर्जनी अजून हवेत. त्यांनी वाक्य लिहायला घेतलं तेव्हा पाना खरंच उलटा असणार. ते लिहून होईपर्यंत त्या माणसाने नळाचे आटे घासून गुळगुळीत केले होते, हात धुतले होते, “आता बघा कसा चालतो” असं म्हणून पिशवी उचलली होती. सकाळपर्यंत थेंब थेंब गळणारा नळ आता धार धरून गळत होता.

“आता सांगून काय उपयोग?” ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घालून उत्तर लिहायला घेतलं. ती थोडा वेळ थांबली. मग पाणी ओट्यावरून खाली यायला लागलं, तेव्हा तिने मोठं पातेलं नळाखाली सरकवलं, पायपुसणं उचललं, चहा टाकू का म्हणून विचारलं.

“तेव्हाच सांगत होतो,” टॅब्लेट म्हणाला.

“चहा?”

पुन्हा मान खाली. तिने चहाचं भांडं ठेवलं, गॅस पेटवला, आणि या माणसाला परत बोलवावं की सरळ दुसरा शोधावा असं स्वतःशीच मोठ्याने म्हणाली.

“हो,” टॅब्लेट म्हणाला.

“कशाला हो? चहाला की दुसऱ्या माणसाला?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या गळ्यावरचं पांढरं फडकं दोनदा आत ओढलं गेलं आणि बाहेर आलं. श्वास आता तिथूनच चालायचा. मग ते उठले, टॅब्लेट घेऊन आतल्या खोलीत गेले, आणि कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते.

आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी आपला वेगळा ब्रेक, आणि तोंड सतत तयार. शिकाऊ माणसाचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं म्हटलं तर गाडी खांबावर जायची, म्हणून मास्तरांना कुणाचंच बोलणं पूर्ण होऊ द्यायची सवय राहिली नव्हती. घरी आले तरी ते शेजारच्या सीटवरच बसलेले असायचे. ती त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेचे फोन घ्यायची, वेळा ठरवून द्यायची, आणि फोनवर ती बोलत असतानासुद्धा मास्तर पलीकडून “त्याला सांग” करून मधे घुसायचे. तिने एखादी गोष्ट सांगायला घेतली की मुद्द्याशी यायच्या आत त्यांचा ब्रेक लागलाच म्हणून समजा. मग ती चिडायची, ते चढायचे, आणि अर्धा तास घर कसं भरलेलं असायचं. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती आणि ती सगळी अशी गेली होती. शेजारच्यांना वाटायचं यांचं पटत नाही.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि गाठ गेली, माणूस राहिला, याबद्दल सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. तिलाही आनंदच झाला होता. गळ्यावर यंत्र टेकवून बोलायचं ते मास्तरांनी एकदा ऐकलं आणि परत देऊन टाकलं. अन्ननलिकेतून हवा आणून बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे ते दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाहीत. हाताने खुणा केल्या तर ती त्या भलत्याच समजायची आणि ते कपाळाला हात लावायचे. म्हणून मुलीने टॅब्लेट पाठवला. लिहायचं, त्रिकोण दाबायचा, तो बोलतो.

तो कपाटात गेल्याला आठवडा झाला तेव्हा तिने मुलीला फोन लावला.

“आई, मी सगळे ताडून बघितले होते,” मुलगी म्हणाली. “या बजेटमध्ये याहून चांगला येत नाही. आठ इंची आहे, एका हातात मावतो, वजनाला एखाद्या पुस्तकाएवढा. बॅटरी दोन दिवस चालते.”

“बोलतच नाही, मग चालेल नाही तर काय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या बाबांनी तो स्वेटरांखाली ठेवलाय.”

पलीकडे कुणीतरी मुलीला हाक मारली. तिने थांबा म्हटलं आणि परत फोनवर आली. “आई, सवय होऊ दे त्यांना.”

“झालीय सवय. गप्प बसायची झालीय.”

“बरं, मग शांतता आहे ना घरात? तूच म्हणायचीस, एक वाक्य पुरं करू देत नाहीत म्हणून. आता बोल की हवं तेवढं.”

मुलीने हे गमतीने म्हटलं होतं आणि तिला त्याचा एवढा राग आला की तिने दुधाचं निमित्त सांगून फोन ठेवला. दूधबिध काही नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर मास्तर गॅलरीत बसून रस्ता बघत होते. कोपऱ्यावर कुणी गाडी जोरात वळवली की त्यांचा उजवा पाय चपलेसकट फरशीवर दाबला जायचा, आणि गाडी नीट निघून गेली की सुटायचा. सबंध दिवस त्यांचं तेवढंच चालू असायचं. तिच्याकडे बघून ते मान डोलवायचे. काहीही सांगा, मान डोलवायचे. भाजी आणू? मान. छत उडालं? मान. ज्या माणसाने आयुष्यात कधी तिचं एक म्हणणं बिनवाद मान्य केलं नव्हतं, तो आता सगळ्याला हो म्हणत होता, आणि ते तिला सहन होत नव्हतं. हा माणूस तिला ओळखीचा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाढी करत असताना तिने स्वेटर वर केले, टॅब्लेट काढला, टॉवेलात गुंडाळला आणि दुकान गाठलं.

दुकानात गार हवा आणि एकाच वेळी दहा पडद्यांवर पोहणारे दहा एकसारखे मासे होते. काउंटरमागचा विक्रेता पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि सकाळीच दमलेला. तिने टॉवेल उलगडला.

“काय झालंय याला, ताई?”

“झालं काही नाही. हळू आहे.”

त्याने टॅब्लेट हातात घेतला, उलटसुलट केला, चालू केला. “चांगला पीस आहे हो हा. याच्यात तीन जीबी मेमरी, बत्तीस जीबी जागा, आठ कोअरचा प्रोसेसर. पडदा बघा, उन्हातसुद्धा दिसतो. मागे कॅमेरा, पुढे कॅमेरा...”

“कॅमेऱ्याचं काय करू? आम्हाला एकमेकांची तोंडं पाठ आहेत.”

तो हसला नाही. “मग नक्की कशाला हळू वाटतोय? सिनेमा अडकतो का?”

“यातून माझे मिस्टर बोलतात,” ती म्हणाली, आणि घशावर हात ठेवून दाखवला. “मी बोलत असले की त्यांना मधे बोलता आलं पाहिजे. यात येत नाही. मी पुढे निघून जाते आणि मग हा मागचं काहीतरी बोलतो. भलतीकडेच भलतं उत्तर.”

“अच्छा,” विक्रेता म्हणाला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. “म्हणजे तुमचं बोलणं झालं की लगेच उत्तर यायला पाहिजे.”

“झाल्यावर नाही. होत असताना. त्यांना मला मध्येच तोडता आलं पाहिजे.”

विक्रेत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याला वर्षानुवर्षं लोकांनी बॅटरी किती, पडदा केवढा, पडला तर फुटतो का एवढंच विचारलेलं असणार. त्याने मागच्या फळीवरून दुसरा टॅब्लेट काढला. हा दुप्पट मेमरीचा, दोन स्पीकरवाला. तुमच्याचा स्पीकर एकच आणि तो खालच्या बाजूला, असं त्याने समजावून सांगितलं; एका हातात मावतो म्हणून लोक तळव्यात धरतात आणि तळव्याने आवाज दाबला जातो. हे ऐकून तिला मुलीचा पुन्हा राग आला. एका हातात मावतो, एका हातात मावतो, किती कौतुक चाललं होतं.

“यात करून बघू,” ती म्हणाली. “मी बोलते. तुम्ही मधे तोडा.”

“मी?”

“मग कोण? सुरू करू?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि बोटं मोडून पडद्यावर ठेवली.

“आमच्याकडे नळवाला आला होता,” तिने सुरुवात केली, “म्हणजे नेहमीचा नाही, नेहमीचा आजारी आहे, त्याने आपल्या भावाला पाठवलं, भाऊ म्हणजे सख्खा नाही, त्याच्या काकांच्या घरी वाढलेला, तर तो आला आणि मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा नळ आधी...”

ती थांबली. विक्रेता टकटक लिहीत होता. दोन स्पीकरांतून स्वच्छ मोठा आवाज आला, “कोणता नळ?” मग शांतता झाली. त्याने मान वर केली.

“पुढे?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. पुढे काय होतं? तिने तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. ‘आधी’ या शब्दापर्यंत ती नेहमीच्या वेगाने आली होती आणि तिथे नेहमीप्रमाणे थांबली होती, कारण तिथे मास्तर यायचे. इतकी वर्षं तिने वाक्यं सुरू केली होती आणि ती पुढे न्यायचं काम त्यांचं होतं. तिची सगळी गोष्ट त्या अडवणुकीनंतर सुरू व्हायची, “अहो, ऐका तरी” पासून. घरात गेले कित्येक महिने आपण नेमक्या कुठे कुठे अशाच गप्प झालो, हे तिला आत्ता दुकानात उभ्या उभ्या कळत होतं.

“पुढे काही नाही,” ती म्हणाली. “चुकलंच तुमचं. मी थांबल्यावर आलात तुम्ही.”

“ताई, खरं सांगू?” विक्रेत्याने बोटं पडद्यावरून उचलली. “हा घ्या नाही तर याच्यावरचा घ्या, बोलण्याला लिहिणं गाठत नाही. मेमरी वाढवून बोटं नाही वाढत. मी हा महागडा तुम्हाला आत्ता विकू शकतो, पण तुम्ही परवा परत येऊन मला बोलाल.”

“बोलेनच.”

“म्हणून सांगतोय.” त्याने जुना टॅब्लेट पुन्हा पुढे ओढला आणि बोलण्याचं ॲप उघडलं. लिहायच्या चौकटीखाली आठ चौकोन होते, दोन ओळींत. “हे वापरता का तुम्ही?”

तिने वाकून वाचलं. मला पाणी हवे आहे. मला वेदना होत आहेत. कृपया डॉक्टरांना बोलवा. आपला आभारी आहे. कुठून तरी तयारच आलेली वाक्यं होती. मास्तरांनी ती एकदा वाचली असतील आणि त्यानंतर त्या बाजूला बोटही नेलं नसेल. आभारी आहे म्हणे. त्यांच्या तोंडून हे कुणी ऐकलं असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं.

“यांना हात लावला की तयार वाक्य लगेच बोललं जातं, लिहावं लागत नाही,” विक्रेता म्हणाला. “आणि ती बदलता येतात. तुम्हाला हवी ती घालून देतो. काय काय म्हणतात ते नेहमी?”

तिला विचार करावा लागला नाही.

“‘मुद्द्यावर ये’ लिहा.”

त्याने चौकोनावर बोट दाबून धरलं, पाणी पुसलं, मुद्दा लिहिला.

“‘झालं तुझं?’ असं लिहा. प्रश्नचिन्ह पाहिजे. ते नसलं तर बरोबर येत नाही.”

“हं.”

“‘तसं नव्हतं ते.’ हे रोज लागतं. पहिल्या ओळीत घ्या, अंगठ्याखाली येईल असं.” ती आता काउंटरवर कोपर टेकून उभी होती. “‘ऐकून घे आधी.’ मग... ‘कितीदा सांगशील?’ हे पाहुण्यांसमोर. आणि ‘मला माहीत आहे.’ तोडून नका लिहू, एका दमात म्हणतात ते.”

“एका दमात कसं लिहू?”

“बरं, लिहा कसंही.”

एक बाई चार्जर विचारायला आली, विक्रेत्याने तिला पलीकडच्या काउंटरकडे पाठवलं. आता तो चष्म्यावरून तिच्याकडे बघत होता. “सातवं?”

“‘बरं, मग?’”

“आणि शेवटचं?”

तिने टॉवेलाचं टोक बोटाभोवती गुंडाळून सोडलं.

“‘तुला काय कळतंय त्यातलं.’”

विक्रेत्याचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. “ताई, हे राहू दे का? एखादं चांगलं घालू. ‘चहा कर’ वगैरे.”

“चहा ते मानेने मागतात. लिहा तुम्ही.”

“पण हे तुम्हालाच...”

“मलाच. दुसऱ्या कुणाला म्हणणार?” तिचा आवाज चढला तशी चार्जरवाली बाई वळून बघायला लागली. “हे नसेल तर बाकीची सात खोटी वाटतील त्यांना. मी निवडून निवडून गोडच आणली असं वाटेल. लिहा.”

त्याने लिहिलं. मग त्याने टॅब्लेट पुसून टॉवेलात नीट गुंडाळून दिला, आणि मिस्टरांना नमस्कार सांगा म्हणाला.

ती घरी आली तेव्हा मास्तर गॅलरीतच होते. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घ्यायचा तिसरा की चौथा प्रयत्न करत होतं आणि मास्तरांचे दोन्ही पाय कामात होते. तिने चप्पल काढायच्या आधी टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बघा,” ती म्हणाली. “आता लिहायला नको. नुसतं बोट लावायचं.”

येताना सबंध रस्ताभर ती हा क्षण डोळ्यांसमोर आणत होती. ते बघतील, भुवया वर जातील, आणि लगेच पहिलं बटण दाबतील, तिला पुरतं उभंही राहू न देता. ती म्हणेल, “अहो, आल्या आल्या?” आणि मग घर पुन्हा चालू होईल.

मास्तरांनी चष्मा लावला. वरची ओळ वाचली, मग खालची. मग पुन्हा वरची. खालच्या रस्त्यावर गाडी कशाला तरी घासल्याचा आवाज आला आणि त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते इतका वेळ वाचत होते की आठ छोटी वाक्यं वाचायला एवढा वेळ कसा लागतो हे तिला समजेना.

“दुकानातला माणूस भला होता,” तिने सुरू केलं. मुद्दाम सुरू केलं. “म्हणजे आधी मला वाटलं खडूस आहे, कपाळावर चष्मा, तो बँकेतला नाही का, तसाच, बँकेतला म्हणजे जुन्या बँकेतला, तर त्याने मला दुसरा दाखवला, दोन स्पीकरवाला, मी त्याला म्हटलं...”

तिने जागा सोडली. चांगली ऐसपैस सोडली. मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांचा अंगठा टॅब्लेटच्या कडेवर होता, बटणापासून बोटभर अंतरावर.

“मी त्याला म्हटलं,” ती पुन्हा म्हणाली.

काही नाही.

“अहो, दाबा ना! कितीही बोलत बसेन मी अशी. कळतंय का तुम्हाला? दाबा एखादं. कुठलंही दाबा!” तिला रडू येतंय की राग, हे तिचं तिलाच कळेना, आणि त्याचाच आणखी राग आला. “सकाळपासून उभी आहे मी. त्या माणसासमोर सगळं बोलून दाखवलं. एक एक शब्द आठवून आणला. काय चुकलं त्यात? एक तरी खोटं आहे का? असेल तर सांगा, हे मी म्हणत नाही म्हणून सांगा!”

मास्तरांनी चष्मा काढला, गळ्यावरच्या फडक्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मग त्यांनी बटणं सोडून वरच्या चौकटीत बोट ठेवलं आणि लिहायला सुरुवात केली.

ती समोरच्या स्टुलावर बसली. एक अक्षर, मग शोध, मग दुसरं अक्षर. एक काना चुकला, तो पुसला. पुसताना दोन अक्षरं जास्त गेली, ती परत घातली. टॅब्लेट थोडा कलला तसा पडदा आडवा झाला, मास्तरांनी तो उभा करायला हलवला, तो पुन्हा आडवाच राहिला, मग अचानक उभा झाला. ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली. ते एवढं लांबलचक कधीच लिहीत नसत. “हो,” “नाही,” “उलटा धरलाय,” एवढ्यावर भागवत. तिने मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला, पण उजेड पडद्यावर पडला होता. खाली गाडी कोणाची कोणाला लागली यावरून दोघे जण भांडत होते, मजेत, भरल्या आवाजात. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मास्तर थांबले, विचार करू लागले, पुन्हा दोन अक्षरं पुसली. महिनोन्‌महिने ती त्यांच्या मधे बोलण्याची वाट बघत आली होती, आणि आता एक अक्षरभरसुद्धा तिच्याने बघवेना. तिचा हात पुढे गेला. आपण काय करतोय हे तिला कळेपर्यंत बोट पहिल्या चौकोनावर पडलं होतं.

“मुद्द्यावर ये,” टॅब्लेट म्हणाला.

आवाज चांगला खणखणीत आला. मास्तरांचं बोट हवेत राहिलं. आणि त्या चौकटीतल्या दोन ओळी, लिहिलेल्या, पुसलेल्या, परत लिहिलेल्या, एकदम नाहीशा झाल्या. बटण दाबलं की वर लिहिलेलं पुसून जातं, हे विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही माहीत नसावं.

दोघेही त्या कोऱ्या चौकटीकडे बघत राहिले. आडवी छोटी रेघ तिथे लुकलुकत होती. तिने आयुष्यात कधी त्यांना मध्येच तोडलं नव्हतं. तसा प्रसंगच तिच्यावर आला नव्हता.

“गेलं का?” तिने विचारलं. “अहो, मला माहीत नव्हतं हो. काय लिहिलं होतं?”

मास्तरांनी तोंड उघडलं. सवयीने उघडलं असावं. मग ते मिटलं, आणि त्यांनी डावा हात वर करून मनगटातून बाहेरच्या बाजूला हलकेच उडवला. जाऊ दे. तिने तो हात पाहिला. हे त्यांचं नव्हतं. ते हाताने बोलायला लागले तेव्हाही असं कधी करत नसत. हे तिचं होतं. त्यांनी तोडलं की ती फार तर दोनदा पुन्हा सुरू करून बघायची, आणि मग हात असा उडवून स्वयंपाकघरात निघून जायची. त्यांनी तो उचलला होता अगदी तिच्याच मापाने, खांदासुद्धा तिच्यासारखाच थोडा पाडून, आणि वर बघितलं तेव्हा ते हसत नव्हते.

खालचं भांडण मिटलं. गाड्यांची दारं लागली.

“जाऊ दे नाही,” ती म्हणाली. “लिहा परत.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा नाही.

“तेच नाही आठवत तर दुसरं लिहा. मी बसलेय.”

मास्तरांनी एकदा खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी टॅब्लेट दोन्ही हातांत धरला, तळवा स्पीकरवरून बाजूला घेतला, आणि चौकटीत बोट ठेवलं. एक अक्षर उमटलं. त्यानंतर काहीच नाही. ते पडद्याकडे बघत होते आणि पुढचा शब्द सापडत नव्हता. तिने स्टूल पुढे ओढलं. पडदा मंद व्हायला लागला तेव्हा तिने हात लांब करून वरच्या कोपऱ्यात, बटणांपासून दूर, एक बोट हलकेच टेकवलं. उजेड परत आला. थोड्या वेळाने तो पुन्हा मंद झाला, आणि तिने पुन्हा बोट टेकवलं.